मल्लेश्वरीनं 137.5 का लावलं?

एका आईनं विचारलंय: “मुलगी तेरा वर्षांची आहे. शाळेतले क्रीडाशिक्षक म्हणतात, हिला वेटलिफ्टिंगला घाला. घरी करनम मल्लेश्वरीचं नाव निघालं, तर माझे दीर म्हणाले, तिचं सुवर्णपदक कोचनं बेरीज चुकवल्यामुळे गेलं, आणि खेळ संपल्यावर असल्या खेळाडूंना कोण विचारतं? हे खरं आहे का? या खेळात मुलीची कारकीर्द नक्की कशी घडते?”

ताई, आधी दिरांचा मुद्दा घेतो. तो तसाच ठेवला तर बाकीचं तुमच्या घरात पटणार नाही. मी सत्तावीस वर्षं मुलंमुली तयार करतोय, मधली बरीच वर्षं राज्य स्पर्धांत पंचाच्या खुर्चीतही बसलोय. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमधला मल्लेश्वरीच्या गटाचा निकाल आमच्या व्यायामशाळेत पुठ्ठ्यावर लिहून टांगलेला आहे. नवीन पोरांना बेरीज मी त्यावरच शिकवतो.

19 सप्टेंबर 2000, महिलांचा 69 किलो वजनगट. (स्नॅच म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर; क्लीन अँड जर्क म्हणजे आधी छातीपर्यंत, मग डोक्यावर, याला आम्ही नुसतं जर्कही म्हणतो. दोन्हींत तीन-तीन प्रयत्न, आणि दोन्हींतल्या सर्वांत भारी वजनांची बेरीज धरतात.) चीनच्या लिन वेइनिंगचं स्नॅच 110, क्लीन अँड जर्क 132.5, एकूण 242.5. हंगेरीच्या एर्झेबेत मार्कुसचं 112.5 आणि 130, एकूण तेवढंच. मल्लेश्वरीचं 110 आणि 130, म्हणजे 240. दोघींची बेरीज सारखी आली तर जिचं स्वतःचं वजन कमी ती पुढे, असा तेव्हा नियम होता. लिन हलकी, म्हणून सुवर्ण तिला. (आता तो नियम गेला, आता ती बेरीज आधी कोणी गाठली ते बघतात.) मल्लेश्वरीला कांस्य. सिडनीहून भारताच्या वाट्याला आलेलं ते एकमेव पदक, आणि भारतीय महिलेचं पहिलं ऑलिंपिक पदक. महिलांचं वेटलिफ्टिंगच ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळलं जात होतं.

आता वाद कुठला ते बघा. 130 उचलून झालं तेव्हा तिच्या हातात एक प्रयत्न उरला होता. 132.5 उचललं असतं तर 242.5, म्हणजे तिघी एका ओळीत आणि निकाल वजनकाट्यावर. तेव्हा वजन अडीचच्या पटीत वाढायचं, म्हणजे पुढची पायरी 135. ते उचललं असतं तर 245, एकटी सगळ्यांच्या वर. तिच्यासाठी मागितलं गेलं 137.5. ते गेलं नाही. त्यामुळे “135 पुरलं असतं की!” हे वाक्य गेली पंचवीस वर्षं आपल्याकडे फिरतंय. निकालाच्या कागदावर बोट ठेवलं तर ते बरोबरच आहे.

पण कागद स्पर्धा संपल्यावर छापतात. स्पर्धा चालू असताना मागच्या वॉर्मअपच्या खोलीत काय चालतं ते सांगतो, म्हणजे हे इतकं सोपं का नाही ते कळेल.

प्रत्येक लिफ्टरचं एक कार्ड टेबलावर असतं. पुढचं वजन किती हवं ते कोच त्यावर लिहून सही करतो. मागणी बदलायची मुभा असते, पण मोजून दोनदा, आणि तीही घड्याळ शेवटच्या टप्प्यात यायच्या आत. बारवरचं वजन फक्त चढतं, उतरत नाही. समोरच्या मुलीनं 135 मागितलं आणि बार तिथवर चढला, की 132.5 तुमच्यासाठी संपलं. त्यामुळे प्रत्येक कोच एका डोळ्यानं स्वतःच्या पोरीकडे आणि दुसऱ्यानं बाकीच्यांच्या कार्डांकडे बघत असतो. कार्डावरचा आकडा खरा आहे की हूल आहे, हे ओळखायचं. त्यात तुमची मुलगी गार पडता कामा नये. प्लॅटफॉर्मवर साधारण तीन लिफ्ट झाल्या की मागे तिनं एक वॉर्मअप मारायचा, असा आमचा हिशोब असतो. कोणी मध्येच वजन बदललं की तो हिशोब कोलमडतो आणि मुलगी पाच मिनिटं खुर्चीत टॉवेल पांघरून बसून राहते. नाव पुकारल्यावर बार जमिनीवरून हलवायला एक मिनिट, लागोपाठ तुमचाच नंबर असेल तर दोन. या सगळ्या गडबडीत पेन हातात धरून आकडा लिहायचा असतो.

माझीच एक गोष्ट सांगतो. एका राज्य स्पर्धेत माझ्या मुलीला पहिलं यायला 81 पुरत होतं. मी 84 मागितलं. प्रतिस्पर्धी मुलीच्या कार्डावर खोडलेला आकडा होता, मी घाईत तोच वाचला. 84 छातीपर्यंत आलं, उठताना पडलं. पोरगी तेव्हा काही बोलली नाही. परतीच्या एसटीत, सगळे झोपल्यावर, खिडकीकडे बघत म्हणाली, “सर, 81 पुरलं असतं ना?” मी हो म्हटलं. तेव्हापासून मी कार्ड दोनदा वाचतो, आणि मल्लेश्वरीच्या कोचबद्दल तोंड वर करून बोलायचं सोडून दिलंय.

शिवाय 137.5 हा आकडा आकाशातून पडलेला नव्हता. आमच्याकडे एक ठोकताळा आहे: नीट तयार झालेल्या लिफ्टरचं स्नॅच तिच्या जर्कच्या 80 ते 85 टक्के असतं. तिनं स्नॅच मारलं होतं 110. आता गुणाकार करून बघा, 137.5 चे 80 टक्के किती होतात? बरोबर 110. म्हणजे अंगात तेवढा जर्क असण्याची शक्यता पूर्ण होती. त्याच हिशोबानं मार्कुसकडे बघा. 112.5 चं स्नॅच आणि 130 चा जर्क, म्हणजे 86 टक्क्यांच्या वर. तिचं स्नॅच भारी, जर्क मागे. तिघींत जर्कमध्ये शिल्लक कोणाकडे दिसत होती, तर मल्लेश्वरीकडे. मी त्या टेबलाजवळ असतो तर 137.5 लिहिलं असतं का? 135 शक्य असतं तर 135 लिहिलं असतं. पण 137.5 लिहिणाऱ्याला वेड्यात काढणार नाही.

मात्र 130 वरून 137.5 ही उडी मोठीच. महिलांचा बार 15 किलोचा, प्लेटा घट्ट धरणाऱ्या दोन कॉलर मिळून 5. म्हणजे 130 लावताना दर बाजूला 55 किलो चढतात: पंचवीसच्या दोन लाल प्लेटा आणि एक पाचाची. 137.5 साठी त्यावर अडीचची एक आणि सव्वाची एक एवढंच वाढतं. सव्वाची प्लेट आपल्या डोशाच्या तव्यापेक्षाही लहान दिसते. दर बाजूला पावणेचार किलो. भाजीच्या पिशवीत असतं त्यापेक्षा कमी. पण तेच सगळं गणित बदलतं. या वजनाला बार कोपरभर उंचीला वेगानं आला नाही, तर खाली शिरायला जागाच राहत नाही. चार-पाच टक्क्यांच्या पुढची उडी तिसऱ्या प्रयत्नात यशस्वी झालेली मी फार कमी वेळा बघितली आहे, आणि ही जवळजवळ सहा टक्क्यांची होती.

एवढं पुरे. तुमच्या दिरांना सांगा, हिशोबावर वाद घालता येतो, पण तो 240 पर्यंत पोहोचलेल्या बाईबद्दलचा वाद आहे. तिथवर ती कशी पोहोचली ते तुमच्या मुलीसाठी जास्त कामाचं.

मल्लेश्वरी 1975 ची. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यात आमदालवलसा म्हणून गाव आहे, हावडा-चेन्नई रेल्वेमार्गावरचं. तिथल्या स्टेशनचं नाव श्रीकाकुलम रोड. वडील रेल्वे सुरक्षा दलात. आपल्याकडे मनमाडला जसं रेल्वेच्या वस्तीतून लिफ्टर निघतात, तसंच काहीसं. गावात नीलमशेट्टी अप्पन्ना नावाचे कोच होते. बहिणी तिथे जायच्या, तीही बारा वर्षांची असताना जायला लागली. 1990 मध्ये तिची बहीण कृष्णाकुमारी राष्ट्रीय शिबिरात होती, मल्लेश्वरी तिच्यासोबत गेली होती. तिथे तिच्यावर लिओनिद तारानेन्कोंची नजर पडली.

हे तारानेन्को कोण, हे आमच्या धंद्याबाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं. बेलारूसचे. मॉस्को 1980 च्या ऑलिंपिकमध्ये 110 किलो गटाचं सुवर्ण, 1992 च्या बार्सिलोनात रौप्य, आणि 1988 मध्ये कॅनबेराला क्लीन अँड जर्कमध्ये 266 किलो. हा माणूस शिबिरात आला आणि ज्या मुलीचं यादीत नावच नव्हतं तिच्याकडे बघून थांबला. का थांबला असेल, याचा अंदाज मी बांधू शकतो. आम्ही मुलीचे दंड बघत नाही. ती रिकामी काठी घेऊन खाली बसते तेव्हा टाचा जमिनीला टेकलेल्या राहतात का, पाठ सरळ राहते का, आणि उभी उडी मारते तेव्हा किती चटकन जमीन सोडते, हे बघतो. ताकद वाढवता येते. हा चटकपणा असतो किंवा नसतो.

तिथून तीन वर्षांत ती जागतिक पदकावर पोहोचली. 1993 मध्ये मेलबर्नला कांस्य, 1994 मध्ये इस्तंबूलला आणि 1995 मध्ये चीनमध्ये ग्वांगझूला सुवर्ण, 1996 मध्ये वॉर्सात पुन्हा कांस्य. हे सगळं 54 किलो गटात. मधे 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत रौप्य. अर्जुन, खेलरत्न, पद्मश्री हे सगळं सिडनीच्या आधीचं आहे! लोक समजतात की सिडनीनं मल्लेश्वरी घडवली. खरं म्हणजे ती दोनदा जगज्जेती झाली तेव्हा महिलांना ऑलिंपिकचं दारच उघडं नव्हतं. (एक बारीक गोष्ट: जागतिक स्पर्धेत स्नॅच, जर्क आणि बेरीज अशी तीन वेगळी पदकं असतात, ऑलिंपिकमध्ये बेरजेचं एकच. म्हणून एखाद्या लिफ्टरची “इतकी पदकं” असा आकडा ऐकलात तर तो कसा मोजलाय ते विचारा.) मणिपूरच्या कुंजराणीदेवींनी तर त्याच्याही आधीपासून जागतिक स्पर्धांत रौप्यांची रांग लावली होती, आणि सिडनीच्या संघात त्या नव्हत्या. त्यांचं ऑलिंपिक यायला 2004 उजाडलं, तेव्हा त्या छत्तिशीत होत्या आणि चौथ्या आल्या.

आता माझ्या मते मल्लेश्वरीच्या कारकिर्दीतली खरी अवघड गोष्ट. तिच्याबद्दल बोलताना ती कोणी काढत नाही. ती म्हणजे वजनगट. 54 मधली जगज्जेती ऑलिंपिकला 69 मध्ये उभी राहिली. मधे 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत 63 किलो गटात रौप्य आहे. त्याच वर्षापासून जागतिक संघटनेनं महिलांचे सगळे गट बदलले आणि 54 चा गट राहिलाच नाही, 53 आणि 58 झाले. वाढत्या वयाच्या खेळाडूला वर जाणं नैसर्गिकच, पण पंधरा किलो वर जाणं म्हणजे घर बदलण्यासारखं. 54 मध्ये ज्या मुली तुमच्या नावाला घाबरायच्या त्या मागे राहतात, इथे जन्मापासून रुंद खांद्यांच्या बायका असतात. तुमच्या सगळ्या कोनांची, बार मांडीला कुठे लागतो त्याची, पुन्हा मोजदाद करावी लागते. आणि वजन वाढवलं की लोक म्हणतात, सुटली, आता हिचं संपलं. सिडनीच्या आधी तिच्याबद्दलही असं बरंच छापून आलं होतं.

आणखी एक गोष्ट आकडे बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. सिडनीत एका देशाला सातपैकी जास्तीत जास्त चारच गटांत महिला उतरवता येत होत्या. चीननं चार उतरवल्या आणि चारही सुवर्ण नेली. ज्या तीन गटांत चीन नव्हता, तिथे रस्ता मोकळा होता. मल्लेश्वरीच्या गटात चीन होता. त्या चिनी मुलीच्या आणि तिच्यात फरक अडीच किलोचा.

सिडनीनंतरचं थोडक्यात. लग्न 1997 मध्येच झालं होतं, नवरा राजेश त्यागी, तोही लिफ्टर, सासर हरियाणातलं यमुनानगर. 2001 मध्ये मुलगा झाला. 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धेची तयारी होती, पण वडील गेले आणि तिनं माघार घेतली. 2004 ला अथेन्सला गेली, पाठीच्या दुखण्यानं बेरीजच लागली नाही, आणि तिथे ती थांबली. त्याच अथेन्समध्ये भारताच्या दोन लिफ्टर उत्तेजक चाचणीत सापडल्या. आमच्यासाठी ते वर्ष फार वाईट होतं; व्यायामशाळेच्या दारातून पालक मुलींना परत घेऊन गेलेले मी बघितलेत. त्याबद्दल खाली बोलतो.

“खेळ संपल्यावर कोण विचारतं?” मल्लेश्वरीला भारतीय अन्न महामंडळात नोकरी होती आणि ती तिथे वरिष्ठ अधिकारी पदापर्यंत गेली. यमुनानगर भागात तिनं अकादमी काढली. 2021 मध्ये दिल्ली सरकारनं क्रीडा विद्यापीठ सुरू केलं, त्याची पहिली कुलगुरू म्हणून तिलाच नेमलं. गावातल्या व्यायामशाळेतून निघालेली बाई विद्यापीठाची कुलगुरू. दिरांना हे जरूर ऐकवा.

पण मी तुम्हाला फसवणार नाही. हे एकीचं झालं. माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी कोणी कुलगुरू झालेली नाही. रेल्वे, पोलीस, सशस्त्र दलं, इथे खेळाडूंसाठी जागा निघतात आणि माझ्या काही मुली त्यातून लागल्या. बऱ्याच बारावीनंतर सोडून गेल्या. एक फिजिओथेरपिस्ट आहे, एक शाळेत खेळ शिकवते. आणि ऑलिंपिक पदक म्हणाल, तर मल्लेश्वरीनंतर भारताला वेटलिफ्टिंगमध्ये पुढचं पदक मिळायला एकवीस वर्षं लागली: टोकियोत मीराबाई चानूनं 49 किलो गटात 202 किलो उचलून रौप्य घेतलं. त्याच मीराबाईच्या रिओतल्या जर्कचे तिन्ही प्रयत्न बाद झाले होते. तेव्हाही लोकांनी तिची कारकीर्द संपवली होती.

आता तुमच्या मुलीचं. तेरावं वर्ष ठीक आहे, उशीर नाही. “वजन उचलल्यानं उंची खुंटते” हे शेजारणी सांगतील. तसं काही नाही. जखमा होतात त्या वाईट तंत्रानं आणि घाईनं. पहिले दोन-तीन महिने तिच्या हातात प्लास्टिकचा पाइप किंवा लाकडी काठी असायला हवी, मग रिकामा बार. पहिल्याच आठवड्यात प्लेटा चढवून फोनवर व्हिडिओ काढणारा कोच असेल तर दुसरीकडे जा. अंगठा बोटांच्या आत दाबून बार धरायला शिकवतील, हूक ग्रिप म्हणतात त्याला. सुरुवातीला दुखतं, ती रडेल, महिन्यात सवय होते.

पाळीच्या दिवसांबद्दल कोचशी मोकळेपणानं बोलता येतं का ते तुम्ही स्वतः आधी बघा. त्या बाबतीत लाजणारा किंवा चिडणारा कोच मुलींसाठी उपयोगाचा नाही. केंद्रात एखादी तरी मोठी मुलगी किंवा बाई रोज असावी.

खाण्यात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, पोटभर भात-भाकरी. दुकानातली पावडर, गोळ्या, “ताकदीचं इंजेक्शन” यातलं काहीही कोणी दिलं तर मला नाही, घरातल्या डॉक्टरला आधी दाखवा. चाचणीत सापडल्यावर “मला माहीत नव्हतं” हे ऐकून घेतलं जात नाही. शिक्षा डबा देणाऱ्याला क्वचित होते, मुलीला होते.

आणि वजनगटाचा मोह. शालेय स्पर्धेत पदक सोपं जावं म्हणून तेराव्या वर्षी मुलीला दोन दिवस उपाशी ठेवून, स्वेटर घालून पळवून खालच्या गटात बसवणारे लोक आहेत. तुमच्या मुलीचं वजन या वर्षी वाढणारच, वाढू द्या. मल्लेश्वरी 54 ला चिकटून राहिली असती तर सिडनीत ती दिसलीच नसती.

बूट पहिल्या दिवशी घेऊ नका. टाच उंच असलेले लिफ्टिंगचे बूट महाग असतात आणि तिचा पाय अजून वाढतोय. सपाट तळाचे कॅनव्हासचे चालतील, स्पंजवाले पळायचे बूट मात्र नकोत. सहा महिने टिकली तर बघू. आमच्याकडे आधीच्या मुलींचे जुने जोड ठेवलेले असतात, त्यातला एखादा तिला बसेल.